तळहातावरची तार

आमच्या गल्लीत बसप्पा तारमास्तर सकाळी कट्ट्यावर येऊन बसत आणि डावा हात मांडीवर उताणा ठेवत. परक्या माणसाला वाटे, म्हातारा काहीतरी मागतोय. एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या आत्यानं दया येऊन त्या तळव्यावर मूठभर शेंगा ठेवल्या. तारमास्तरांनी त्या बोटांनी चाचपल्या, एक फोडली, चावली आणि म्हणाले, "शेंगा पोचल्या. अक्षर न्हाय पोचलं." आत्या घरी आली ती "त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं विचारतच.

डोकं अगदी ठिकाणावर होतं. तो हात म्हणजे आमची पाटी होती. बाळीवेशीजवळच्या आमच्या गल्लीतली सगळी तीन-चार वर्षांची पोरं त्या पाटीवर लिहायला शिकली. एकोणीसशे तीसच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा इतक्या लहान मुलांना कोणी शिकवत नसे. मूल सहा वर्षांचं झालं की पाटीपूजन करून त्याला शाळेत नेऊन टाकायचं आणि तोवर धुळीत लोळू द्यायचं, अशी रीत होती. अप्पांना (त्यांना सगळी गल्ली अप्पाच म्हणे) हे मान्य नव्हतं. "पोरगं बोलाय लागलं की अक्षराला तयार झालं," ते म्हणत. "तोंडात आवाज हाय न्हवं? मग निम्मं काम झालं की."

होटगीच्या स्टेशनावर त्यांनी तीस वर्षं तारेचं काम केलं होतं. समोर यंत्र कट्ट-कड-कट्ट वाजायचं आणि ते ऐकून हे कागदावर मजकूर उतरवायचे. त्यामुळे अक्षर म्हणजे आधी आवाज आणि मग आकार, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. तारेच्या पलीकडे कोण बसलंय हे त्यांना नुसत्या ठोक्यांवरून कळे, असं ते सांगत. कोण घाईचा, कोण आळशी, कुणाचं आज बायकोशी भांडण झालंय, सगळं. ही फुशारकी असेल असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. पण आमची अक्षरं ते तशीच ओळखत. "यमूचा य पोट सुटलेला," असं ते माझ्याबद्दल म्हणत, आणि ते खरंच होतं. पोट माझंही सुटलेलं होतं.

मला आईनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नेलं तेव्हा मी साडेतीन वर्षांची असेन. अप्पांनी मला मांडीवर बसवलं, पाठ त्यांच्या छातीला लावून. असं बसवण्यात युक्ती होती. मूल समोर बसलं तर त्यानं लिहिलेलं अक्षर त्यांच्या हातावर उलटं पडणार. मांडीवर बसलं की दोघांची दिशा एकच. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या नावाच्या तोंडाशी कोण बसलंय?"

"मी," मी म्हणाले.

कट्ट्यावरची पोरं हसली. अप्पा हसले नाहीत. "तू बसलीस माझ्या मांडीवर. नावाच्या तोंडाशी कोण? हळू म्हण बघू. य…"

"य," मी म्हणाले. "य… मू."

"हां. तो य तुझा. आता त्याचा चेहरा बघू." त्यांनी माझं बोट धरून आपल्या तळव्यावर फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "य!" मग मी एकटीनं फिरवलं. ते पुन्हा "य!" म्हणाले. मला तर गंमतच वाटली. आपण बोट फिरवायचं आणि एवढ्या मोठ्या मिशीवाल्या माणसाच्या तोंडातून आपल्याला हवा तो आवाज निघायचा! त्या दिवशी मी त्यांना पन्नास वेळा तरी य म्हणायला लावलं असेल. ते कंटाळले नाहीत. चुकीचा निघाला तर म्हणत, "तार तुटली. परत कर."

अ अननसाचा, क कमळाचा असलं त्यांना खपत नसे. "क कुणाचा न्हाय. क आपला आपण. कमळाला गरज लागली की ते त्याला बोलावतं," असं सांगून ते आमच्याकडून नुसता आवाज काढून घेत. ग म्हणताना घशाला हात लावायला लावत, प म्हणताना ओठांवर बोट ठेवायला लावत. शेजारच्या आयांना वाटे, पोरांचे घसे तपासतायत.

क्रम वगैरे काही नव्हता. प्रत्येकाचं पहिलं अक्षर आपल्या नावाचं, आणि पहिला शब्द सगळ्यांचा एकच, गूळ. कारण अप्पांची विधवा बहीण नीलाक्का दारात धान्य निवडत बसलेली असे आणि तिच्याजवळ गुळाचा डबा असे. तळव्यावर गूळ नीट लिहिला की अप्पा ओरडत, "नीला, गुळाची तार आली!" की हातावर खडा. 'ग'ला उकार दिला नाही तर गूळ नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या पोरांना ळ सगळ्यांत आधी यायचा आणि आ कधीतरी सवडीनं.

नीलाक्काला कमी ऐकू येई. म्हणून अप्पांना ओरडावं लागे आणि गुळाची बातमी सगळ्या गल्लीला कळे. मग जी पोरं वर्गातली नव्हती तीही येऊन मांडीवर चढायला बघत. असे वर्गात नवे विद्यार्थी येत.

पलीकडच्या विणकरांच्या घरातला नरसू म्हणून एक पोरगा असाच आला. घरी तेलुगू, मराठी एक शब्द येईना. पाणी लिही म्हटलं तर नुसता बघत राही. अप्पांनी त्याला विचारलं, "घरी काय म्हणतोस, तहान लागल्यावर?" नरसू म्हणाला, "नीळ्ळु." अप्पांनी न, ई, ळ, उ असे आवाज त्याच्याकडून सुटे करून घेतले आणि आठ दिवसांनी नरसूनं त्यांच्या हातावर वेडंवाकडं 'नीळु' लिहिलं. "पाणी आण गं नीला, नीळु आलंय!" अप्पा ओरडले. नरसूच्या आजोबांना हे विचित्र वाटलं. मराठी अक्षरात तेलुगू कसं लिहायचं? अप्पा म्हणाले, "तार कुटल्या भाषेतली हाय हे तारमास्तरानं बघायचं नसतं. नीट पोचवायची, बस्स." स्वतः अप्पा घरी कानडी बोलत, आम्हाला रागावायचं झालं तर कानडीतच रागावत, त्यामुळे ते कुणालाही फारसं लागत नसे.

मी अडीच वर्षं त्या कट्ट्यावर काढली. मग सहा पूर्ण झाल्यावर वडिलांनी मला मुलींच्या शाळेत बिगरीत घातलं. माझे वडील कोर्टात कारकून होते आणि मुलीला आधीच वाचता येतं याचा त्यांना फार अभिमान होता. पहिल्याच दिवशी गुरुजींना सांगून आले, "हिला सगळी अक्षरं येतात. विचारून बघा."

गुरुजींनी विचारलं. मला पुढे बोलावलं आणि म्हणाले, "अ लिही बघू." मी काय करावं? मी गुरुजींचा डावा हात धरला, उताणा केला आणि त्यावर बोटानं अ काढू लागले.

गुरुजींनी हात असा ओढून घेतला की मी पडता पडता वाचले. "हे काय चालवलंयस?"

"तार करतेय," मी म्हणाले.

वर्ग खो खो हसला. शिक्षक म्हणजे ज्याच्या हातावर लिहायचं तो माणूस, एवढंच मला माहीत. मी रडवेली झाले. गुरुजी तसे बरे होते. त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "अगं, पाटी आहे ना? तुझे ते अप्पा पाटी बघत नाहीत का?"

"त्यांना कसं दिसणार?" मी म्हणाले. "त्यांचे डोळे पेन्शनीत गेलेत."

हे अप्पांचंच वाक्य. आम्ही कधी विचारलं की ते असंच सांगत, आणि आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटत नसे. आजोबांचे दात जातात तसे अप्पांचे डोळे गेले. मोठ्यांना हे ठाऊक नाही, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. अप्पा चष्मा लावत. दारापासून कट्ट्यापर्यंतची पावलं त्यांनी मोजून ठेवली होती. काठी घेतली की लोक विचारतील म्हणून काठी घेत नसत. वर्ग सुरू झाला की एकेकाला आपापलं अक्षर ओरडायला लावत. तो आम्हाला खेळ वाटे, पण त्यांची ती हजेरी होती. काचबिंदूनं त्यांची नजर कधीच गेली होती आणि हे फक्त नीलाक्का जाणून होती. एकाला दिसत नव्हतं, दुसरीला ऐकू येत नव्हतं, आणि दोघांनी मिळून एका धडधाकट माणसाचं सोंग तीन वर्षं बिनबोभाट वठवलं होतं.

गुरुजींनी ते वडिलांना सांगितलं. वडिलांनी आईला. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. "आंधळ्या माणसाकडून अक्षरं?" असं म्हणून लोक चकित झाले, आणि ज्यांची पोरं घडाघडा वाचत होती तेही चकित झाले. वडिलांना आपण फसवले गेलो असं वाटत होतं. आईचं म्हणणं वेगळंच होतं. "अक्षराचं राहू द्या हो," ती म्हणाली. "पंधरा पोरं रस्त्याच्या कडेला. एखादं टांग्याखाली गेलं असतं तर?" माझा धाकटा भाऊ बापू तेव्हा नुकता कट्ट्यावर जाऊ लागला होता. दुसऱ्या दिवसापासून तो घरी. सगळीच पोरं घरी.

चार दिवस कट्टा रिकामा होता. अप्पा रोज येऊन बसत, पण हात मिटलेला. मी शाळेत जाताना तोंड फिरवून पळत जाई. पाचव्या दिवशी मला राहवेना. शाळेतून येताना मी कट्ट्यासमोर उभी राहिले. काही बोलले नाही, तरी ते म्हणाले, "यमू. चाल वळखली. ये हितं."

मी भोकाड पसरलं. "मी सांगितलं गुरुजींना. मीच सांगितलं."

"काय सांगितलंस? जसंच्या तसं सांग."

"डोळे पेन्शनीत गेलेत म्हटलं."

अप्पांना हसू फुटलं. "माझंच वाक्य की! बरोबर पोचवलंस. एक शबुद इकडं न्हाय की तिकडं न्हाय." मग त्यांचं हसू ओसरलं. "खरी तार पोचवणाऱ्यावर कोण रागवत न्हाय, यमू. तू रडू नगंस. मलाच सांगायला पायजे हुतं. पण सांगितलं असतं तर पोरगा कवाच घेऊन गेला असता कुर्डुवाडीला."

त्यांचा मुलगा कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात होता. चांगला होता, दर शिमग्याला येई, आणि दर वेळी चला म्हणे. अप्पा डोळे शाबूत असल्याचा आव आणून त्याला परत पाठवत.

"तितं क्वार्टर हाय दोन खोल्यांचं," अप्पा म्हणाले. "सून चांगली हाय. खायला घालतील, अंथरूण घालतील. आणि मी काय करू? हितं पोरं अंगावर चढतात तवर मी माणूस हाय, यमू. तितं गेलो की सामान."

हे त्यांनी मला सांगितलं, सहा वर्षांच्या मुलीला. बहुधा दुसरं कुणी जवळ नव्हतं म्हणून. पण होतं. आई मला शोधत बापूला कडेवर घेऊन आली होती आणि मागे उभी राहून ऐकत होती. बापू तिच्या कडेवरून घसरला, सरळ अप्पांच्या मांडीवर चढला, त्यांची मूठ उघडली आणि बोट फिरवू लागला.

"तार तुटली, बापू," अप्पा सवयीनं म्हणाले. "परत कर."

आईनं पदरानं डोळे पुसले. मग एकदम, रोजच्या कामाचं बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अप्पा, उद्यापासून मी येऊन बसते इथं. शेंगा सोलायच्या त्या इथं सोलीन, भाजी इथं निवडीन. पोरांवर लक्ष माझं, अक्षरं तुमची."

अप्पा आवाजाच्या दिशेला वळले. "लोक काय म्हणतील, बाई?"

"लोकांचीच पोरं सांभाळणार आहे की मी. म्हणू देत काय म्हणायचं ते."

पहिल्या दिवशी बापू आणि नरसू, एवढेच. आठवड्यानं सातजण. आषाढ उजाडेपर्यंत कट्टा पूर्वीसारखा भरला, आणि गुळाच्या आरोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अप्पांनी एक काठी आणली आणि उजळ माथ्यानं आपटत बाजारात जाऊन यायला लागले. त्यांना बरंच वाटत असावं. पावलं मोजता मोजता कंटाळून गेलो होतो, असं ते आईला म्हणाले. मुलाला मात्र कुणी कळवू नका, अशी त्यांनी गल्लीला विनंती केली आणि गल्लीनं ती सहा महिने पाळली. आमच्या गल्लीच्या मानानं हा फार मोठा काळ होता.

मार्गशीर्षात एक कार्ड आलं. मी मधल्या सुटीत घरी आले होते आणि आईजवळ कट्ट्यावर बसून भाकरी खात होते. अप्पांची पत्रं आता माझे वडील वाचून दाखवत. नीलाक्कानं कार्ड आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "कोर्टातनं आले की वाचाय सांगा."

आईनं कार्ड घेतलं. ठेवून दिलं नाही. माझी आई कधी शाळेत गेलेली नव्हती. सही करायची वेळ आली की ती अंगठा पुढे करी. तिनं कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि तिचे ओठ हलू लागले.

"ती…" ती म्हणाली. "पुढचं जोडलेलं अक्षर नाही येत मला."

अप्पा दचकले. पण लगेच म्हणाले, "'तीर्थरूप' असंल. पोरगा दर वेळी तेच लिहितो. म्होरं चला."

आई पुढे चालली. एकेक अक्षर हातात घेऊन बघावं तशी. "तुमचे… डोळे गेले… हे मला… बाहेरून कळावे… याचे वाईट वाटले." ती थांबली. पुढची ओळ तिनं मनातल्या मनात आधी लावली असणार, कारण तिचा चेहरा उतरला. येत नाही म्हणून कार्ड खाली ठेवायला तिला कोण अडवत होतं? पण तिनं वाचलं. "मी रविवारी येत आहे. सामान बांधून ठेवा. आता मी काही ऐकणार नाही."

अप्पांनी विचारलं ते भलतंच. "बाई, तुमाला वाचायला कोण शिकवलं?"

"तुम्हीच की," आई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "मी इथंच बसलेली असते ना. ऐकत होते. घरी चुलीपुढं राखेत काढून बघायची."

"आणि मला पत्ता न्हाय." अप्पा मान हलवत राहिले. "बगा, दिसत नसलं की असं हुतं. वर्गात एक पोर जास्तीची येऊन बसली, सहा महिनं शिकली, आणि मास्तराच्या हजेरीत तिचं नावच न्हाय." ते हसत होते, पण चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं दोन्ही डोळे पुसले. बापूनं वर बघून त्यांच्या गालाला हात लावला.

मग ते ताठ बसले. "नीला, कोनाड्यात कोरं कार्ड असंल, आण. यमू, तुजी पेन्सिल दे. लिहा, बाई."

"मी? अहो, मला कुठं धड…"

"येईल तेवढं लिहा. आशीर्वाद न्हाय जमला तर सोडा. लिहा, मी येत नाही. हितं एक बाई वाचायला शिकतायत. जोडाक्षरं राहिलीत. ती झाली की बघू."

आईनं ते लिहायला मधली सुटी संपवली आणि वर अर्धा तास घेतला. मी शाळेत उशिरा गेले आणि छडी खाल्ली. आजही मला त्या छडीचं काही वाटत नाही.

रविवारी मुलगा आला, ते कार्ड खिशात घेऊनच. एवढी मोठी अक्षरं त्यानं कार्डावर कधी पाहिली नसतील. दोन दिवस तो कट्ट्याच्या टोकाला बसून होता. त्यानं आईला विचारलं, "खरंच राहिलीत का जोडाक्षरं?" आई म्हणाली, "सगळीच्या सगळी." मंगळवारच्या गाडीनं तो परत गेला, एकटा.

त्यानंतर दर पत्रात तो विचारी, बाईंची जोडाक्षरे कुठवर आली? आणि दर वेळी आई उत्तर लिही, चालू आहेत. जिनं शेंगा सोलता सोलता सहा महिन्यांत सगळी बाराखडी उचलली, तिला जोडाक्षरं साडेचार वर्षं काही केल्या जमेनात. अप्पाही कधी चिडले नाहीत. "सावकाश, बाई," म्हणत, "घाई कुणाला हाय?" ते गेले तेसुद्धा त्याच कट्ट्यामागच्या खोलीत, एका दुपारी, पोरं बाहेर हजेरी ओरडत असताना.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी सकाळी उठले तर देवघरातून आईचा आवाज येत होता. ती पोथी वाचत होती. पानामागून पान, एकाही अक्षरापाशी न अडखळता.